अनुराधाताई, एकदा ईवूड पार्कला जाऊन या

श्रीमती अनुराधा देसाई,
अध्यक्ष, व्ही. एच. ग्रुप, पुणे



हे पत्र मला 8 मे 2012 च्या सकाळीच लिहायचं होतं. तेव्हा मन फार तापलेलं होतं, म्हणून हात आवरला. आता राग निवला आहे, पण त्या रात्रीची हुरहुर गेलेली नाही.

त्या रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून मी ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि विगन ॲथलेटिक यांचा सामना पाहत होतो. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. ब्लॅकबर्नच्या ईवूड पार्क मैदानावर पाऊस नुसता कोसळत होता. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तेवढ्यात मैदानात एक कोंबडी आली. प्रेक्षकांतल्या कुणीतरी ती सोडली होती. तिच्या अंगाभोवती क्लबच्या निळ्या-पांढऱ्या रंगाचं कापड गुंडाळलेलं होतं आणि ओल्या गवतावर ती बावरून इकडून तिकडे पळत होती. जगभरात लोक ते दृश्य पाहून हसले. मला हसू आलं नाही. मी पोल्ट्रीच्या शेडवर सुट्ट्या घालवत वाढलो. भेदरलेलं पाखरू कसं दिसतं ते मला ठाऊक आहे, आणि ज्याने ते सोडलं त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल तेही त्या क्षणी समजलं. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने आपलं म्हणणं पुण्यातल्या पोल्ट्रीवाल्या मालकांपर्यंत पोचत नाही, असं त्याला वाटलं असणार.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला विगनच्या अँटोलिन अल्कारासने कॉर्नरवर डोक्याने गोल केला. 0-1. रोव्हर्सला सामना जिंकणं भाग होतं. संघ हरला आणि अकरा वर्षांनी क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला.

नोव्हेंबर 2010 मध्ये तुमच्या कुटुंबाने सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना हा क्लब घेतला, तेव्हा माझ्यासारख्या पुणेकराची छाती भरून आली होती. आपल्या गावातल्या माणसांनी इंग्लंडमधला क्लब घेतला, आणि तोही असातसा नाही. 1875 साली स्थापन झालेला, 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या 12 क्लबांपैकी एक. प्रीमियर लीगचं विजेतेपद आजवर फक्त सात क्लबांना मिळालं, त्यांत ब्लॅकबर्न आहे. 1994-95 च्या त्या मोसमात ॲलन शिअररने 34 गोल केले होते. शेवटच्या दिवशी ॲनफिल्डवर संघ 2-1 असा हरला, पण तिकडे वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला बरोबरीत रोखलं आणि रोव्हर्स एका गुणाने विजेते ठरले. पैसा जॅक वॉकर यांचा होता. पोलादाच्या धंद्यात कमावलेली संपत्ती त्यांनी ज्या क्लबवर लावली, तो त्यांच्या जन्मगावचा क्लब होता. सामन्याला ते ईवूडवर येत. मॅनेजरवर लोक चिडले तर ते त्यांना थेट ऐकू येई.

तुमच्याकडे क्लब आला तेव्हा वॉकर जाऊन दहा वर्षं झाली होती. श्रीमंती सरली होती, पण घर नीटनेटकं होतं. मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांचा संघ तेराव्या क्रमांकावर होता. तुम्ही क्लब घेऊन महिनाही झाला नव्हता, तोच त्यांना काढलं आणि स्टीव्ह कीन यांच्याकडे सूत्रं दिली. त्याआधी त्यांनी एकाही संघाची पूर्ण जबाबदारी सांभाळलेली नव्हती. कीन यांच्याबद्दल मला कटुता नाही. नंतर ज्या तऱ्हेचा संताप त्या माणसाने दर आठवड्याला झेलला, तो कुणाच्याही वाट्याला येऊ नये. त्या मोसमात संघ शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जला त्यांच्याच मैदानावर 3-2 असं हरवून वाचला. तो इशारा होता.

आता त्या दुर्दैवी 2011-12 च्या मोसमाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक त्याची आठवण फक्त त्या कोंबडीपुरती ठेवतात.

रोव्हर्सने त्या मोसमात 38 सामन्यांत 48 गोल केले. त्याच मोसमात स्टोकने 36 केले, ॲस्टन व्हिलाने 37, आणि दोघेही लीगमध्ये टिकले. म्हणजे पुढची फळी जिवंत होती. नायजेरियाच्या याकुबूने एकट्याने 17 गोल केले. स्वान्सीविरुद्ध एकाच सामन्यात चार. सप्टेंबरमध्ये ईवूडवर आर्सेनलला 4-3 असं हरवलं. पण मागे घराला दारंच उरली नव्हती. फिल जोन्स हा क्लबच्याच अकादमीत घडलेला तरुण बचावपटू उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडला विकला. बचावपटू रायन नेल्सन हिवाळ्यात गेला. ख्रिस सांबा फेब्रुवारीत रशियाच्या आन्झी क्लबला विकला गेला. नॉर्विचमध्ये 3-1 अशी आघाडी शेवटच्या काही मिनिटांत निसटली आणि बरोबरीवर समाधान मानावं लागलं. आर्सेनलने परतफेड 7-1 अशी केली. मोसमाअखेर रोव्हर्सवर 78 गोल चढले होते. गोल करणारा संघ बुडाला तो बचावाची माणसं एकेक करून गेली म्हणून. बाजारात खेळाडू विकावे लागतात, हे मला कळतं. पण खांब काढायचे तर आधी टेकू लावावा लागतो.

त्या वर्षातला सर्वांत सुंदर दिवस मात्र मी विसरणार नाही. 31 डिसेंबर 2011. सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा सत्तरावा वाढदिवस, ओल्ड ट्रॅफर्ड, आणि समोर नाताळात 17 सामन्यांतून अवघ्या 10 गुणांसह तळाला असलेला रोव्हर्स. याकुबूने दोन गोल केले. युनायटेडच्या बर्बाटोव्हने दोन्ही फेडले. सगळ्यांना वाटलं, आता युनायटेड जिंकणार. मग ऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर आला, गोलरक्षक डे गेआला चेंडू धरता आला नाही आणि वीस वर्षांच्या ग्रँट हॅन्लीने डोक्याने तो आत ढकलला. 3-2. हॅन्लीही क्लबच्याच अकादमीचा पोरगा. कोपऱ्यातले काही हजार प्रवासी चाहते एकमेकांना मिठ्या मारत होते. ज्या संघाला लोकांनी मेलेला ठरवलं होतं तो तसा नव्हता, एवढं त्या दुपारी सिद्ध झालं. मार्चमध्ये वुल्व्ह्ज आणि सुंदरलँडला हरवून रोव्हर्स 28 गुणांवर पोचला, तळाच्या तीन जागांतून वर आला. नऊ सामने उरले होते. त्या नऊ सामन्यांतून फक्त तीन गुण मिळाले.

ताई, आता मुख्य गोष्टीकडे येतो.

मॅनेजर बदलला नाही म्हणून क्लब बुडाला, असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. त्या पावसाळी रात्री जिंकणाऱ्या विगनकडे पाहा. त्याच मोसमाच्या शरद ऋतूत विगन लागोपाठ आठ सामने हरला होता आणि त्यांच्या मालकानेही मॅनेजर बदलला नव्हता. ते मालक म्हणजे डेव्ह व्हेलन. तरुणपणी ते ब्लॅकबर्न रोव्हर्सकडूनच खेळले. 1960 च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात निळा-पांढरा शर्ट अंगात असताना त्यांचा पाय मोडला. व्हेलन मॅनेजर रॉबेर्तो मार्तिनेस यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि लोकांना ते उभे असलेले दिसत होते. रोज मैदानावर वावरणाऱ्या मालकाने मॅनेजर ठेवला तर लोक त्याला विश्वास म्हणतात. हजारो मैलांवरून तोच निर्णय आला आणि सोबत एक शब्दही आला नाही, की लोकांना वाटतं आपल्याला कुणी मोजतच नाही. दोन्ही क्लबांनी धीर धरला, पण ब्लॅकबर्नमध्ये तो धीर कुणाला दिसलाच नाही.

आणि तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, असंही नाही. डिसेंबर 2011 मध्ये क्लबचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी पॉल हंट यांनी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. चाहते झपाट्याने दुरावत आहेत, मॅनेजर बदलावा, क्लब वाचवावा, असं त्यात होतं. पुढे मे महिन्यात ते पत्र वर्तमानपत्रांत छापून आलं म्हणून आम्हाला कळलं. तेव्हा मोसम संपत आला होता. संघ खाली गेला आणि हंट यांची नोकरीही गेली. पगारी माणसाने मालकाला खरं लिहायला धैर्य लागतं. त्या पत्राचं उत्तर काय होतं ते तुम्हालाच माहीत. मी तुमचा नोकर नाही, म्हणून हे पत्र मी उघड लिहितो आहे.

तुमच्या घराण्याबद्दल मला आदर आहे आणि त्याचं कारण घरचंच आहे. सासवडजवळ माझ्या मामांचा लेअर कोंबड्यांचा शेड होता. सकाळी अंडी गोळा करून ट्रे भरायचे, एका ट्रेत तीस, आणि मग मामा दाराआडच्या खिळ्याला टांगलेली वही काढून त्या दिवसाचा एनईसीसीचा भाव लिहायचे. मी लहान असताना विचारलं, रोज का लिहिता? ते म्हणाले, पूर्वी भाव व्यापारी सांगायचा, आम्ही मान डोलवायचो. खाद्याचे पैसेसुद्धा सुटायचे नाहीत. मग राव साहेबांनी शेतकऱ्यांना एकत्र बसवलं.

ते राव साहेब म्हणजे तुमचे वडील, डॉ. बी. व्ही. राव. 1982 मध्ये नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी (एनईसीसी) उभी राहिली ती त्यांनी गावोगावच्या पोल्ट्रीवाल्यांच्या बैठका घेतल्या म्हणून. कोंबडी ज्याची, अंड्याच्या भावात शब्दही त्याचा, ही गोष्ट त्यांनी देशभर पटवली. माझ्या मामांसारख्या, हजार-दोन हजार पक्षी सांभाळणाऱ्या माणसालाही वाटायचं की या व्यवहारात माझं म्हणणं आहे. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

तोच हक्क ब्लॅकबर्नच्या माणसांना का मिळू नये? तिथे सीझन तिकीट पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात चालत येतं. आजोबा ज्या खुर्चीवर बसले तिथे नातू बसतो. खुर्च्या, जमीन, करार, सगळं कागदोपत्री तुमचं आहे. पण तो क्लब सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकला तो त्या माणसांनी पावसात उभं राहून टिकवला म्हणून.

ऑक्टोबर 2011 मध्ये तुम्ही संघ पुण्याला आणला. बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना झाला. मी भाच्याला घेऊन गेलो होतो. निळे-पांढरे शर्ट समोर पाहून तो इतका हरखला की घरी येईपर्यंत बोलत होता. त्याबद्दल मी तुमचे मनापासून आभार मानतो, पुण्याच्या पोरांना असं काही रोज पाहायला मिळत नाही. पण त्याच आठवड्यात ब्लॅकबर्नमध्ये लोक काय म्हणत होते, ते मला नंतर वाचायला मिळालं. मँचेस्टर सिटीने ईवूडवरच 4-0 असं धुतल्यावर संघ भारतात पाठवला, याचं त्यांना दुःख होतं. आणि ड्रेसिंग रूममध्ये बसून खेळाडू चिकन खातात, ती जाहिरात! तुमच्या धंद्याच्या दृष्टीने ती साधी जाहिरात असेल. ब्लॅकबर्नच्या लोकांना वाटलं, आपल्या क्लबचा वापर दुसऱ्याच कशासाठी तरी होतो आहे. यातली कुठलीच गोष्ट एकटी घेतली तर मोठी नाही. समोर बसून समजावलं असतं तर निभावलं असतं.

या गावाचा आणि आपला संबंध तुमच्याआधीही होता, फार जुना होता. ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचं गाव. आपल्याकडे स्वदेशीची चळवळ झाली, परदेशी कापडावर बहिष्कार पडला, तेव्हा तिथल्या गिरण्यांना झळ लागली. मंदीनेही कामगार बेकार झाले होते. 1931 च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले. ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनमध्ये गिरणी कामगारांना भेटले. त्यांनी बहिष्कार मागे घेतला नाही. भारतातल्या माणसाची गरिबी किती खोल आहे ते सांगितलं आणि त्या लोकांचंही ऐकलं. गिरणीच्या बायका त्यांच्याभोवती हसऱ्या चेहऱ्याने उभ्या असलेला फोटो प्रसिद्ध आहे. ज्यांचं नुकसान आपल्या निर्णयाने होतं, त्यांच्या दारात जाऊन उभं राहण्याची रीत आपल्याकडे आहे, ताई. त्याच खोऱ्यात ती पाळली गेली आहे.

2012 नंतरचं थोडक्यात लिहितो. पुढच्याच मोसमात मॅनेजर येत-जात राहिले. हेनिंग बर्ग हे 1995 च्या विजेत्या संघातले खेळाडू, त्यांना 57 दिवस मिळाले. 2017 मध्ये, पुन्हा 7 मे याच तारखेला, ब्रेंटफर्डमध्ये 3-1 असा जिंकूनही केवळ गोलफरकाने रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर कुठलाही क्लब त्याआधी इतका खाली गेला नव्हता. मॅनेजर टोनी मॉब्रे यांनी तो एका वर्षात वर आणला. 2023 मध्ये प्लेऑफ हुकलं तेही गोलफरकाने. 2025 मध्ये महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला गेला. किरा वॉल्श आणि जॉर्जिया स्टॅनवे या इंग्लंडच्या युरोविजेत्या खेळाडू याच क्लबच्या अकादमीतून आल्या. एवढा मोठा उद्योग चालवणाऱ्या एका स्त्रीच्या कारकिर्दीत तो संघ खाली जावा, याने मला त्या रात्रीइतकंच वाईट वाटलं.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. इतकी वर्षं तोटा सोसून तुम्ही क्लबला पैसा पुरवला आहे. मध्यंतरी तो पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागत होती, तरी पाठवलात. दुसरा कुणी कधीच विकून मोकळा झाला असता, आणि बरी एफसीसारख्या कर्जबाजारी इंग्लिश क्लबांचं काय झालं ते सर्वांनी पाहिलं आहे. ब्लॅकबर्नला अजून क्लब आहे, यात तुमचा वाटा आहे. हे तिथले समंजस चाहतेही मान्य करतात. म्हणूनच ते आणखी गोंधळतात. इतका पैसा घालणारी माणसं आमच्याशी बोलत का नाहीत? त्यांना हा क्लब हवा आहे की नको? पैशाने पगार होतात. या प्रश्नांची उत्तरं मात्र पुण्याहून हस्तांतरित करता येत नाहीत, ती तोंडानेच द्यावी लागतात.

मी क्लब विका असं म्हणणार नाही. तो निर्णय तुमचा आहे. माझं मागणं लहान आहे. बरीच वर्षं ईवूड पार्कवरची तुमची खुर्ची रिकामी आहे. एकदा जा. तुम्ही आणि तुमचे बंधू व्यंकटेशराव आणि बालाजीराव, तिघेही जा. आधी चाहत्यांच्या प्रतिनिधींना बोलवा आणि एका खोलीत त्यांच्यासमोर बसा, जसे तुमचे वडील पोल्ट्रीवाल्यांसमोर बसले. पहिला तास काहीच सांगू नका, नुसतं ऐका. लोक आवाज चढवतील, चढवू द्या. मग 2010 च्या डिसेंबरमध्ये आणि 2011 च्या डिसेंबरमध्ये काय चुकलं ते तुमच्या शब्दांत सांगा, आणि यापुढे क्लबचं काय करायचं मनात आहे तेही सांगा. दरवर्षी एकदा असं बसू, असा शब्द देता आला तर द्या.

आणि नंतर जॅक वॉकर यांचं नाव असलेल्या स्टँडसमोर सामना पाहा. बहुतेक शनिवारी तो दुपारी तीन वाजता सुरू होतो. पाऊस असेल, छत्री न्या.

आपला नम्र,
एक पुणेकर फुटबॉलप्रेमी